अंतराची अट

आधी तीन फुंकरी यायच्या. फू, फू, फू. मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग, "सर, ऐकू येऊन राह्यलं ना?" यानंतर कॅसेट काही क्षण नुसतीच फिरायची. ते माझ्या उत्तराची वाट पाहत असायचे. मी चंद्रपुरात, ते कुरखेड्याच्या पुढच्या एका गावात, मधे एसटीचा पाच-सहा तासांचा प्रवास. पण मला बोलायला जागा सोडल्याशिवाय ते पुढे जात नसत. "बरं," असं म्हणून मगच ते मुद्द्यावर यायचे.

मी गिटार शिकवतो. आजकाल घरात बसून कॉम्प्युटरवर शिकवतो. शिकणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. कुणी बँकेतलं, कुणी दवाखान्यातलं, एक तर निवृत्त नायब तहसीलदार. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे हळूच विचारतात, "कॅमेरा बंद ठेवला तर चालेल का?" चालेल, म्हणतो मी. मग मी विचारतो, कोणतं गाणं वाजवायचंय आणि कोणासाठी. तुम्ही म्हणाल, ही उलटी रीत झाली, खरं तर आधी बोटं, मग सूर आणि गाणं शेवटी. मीही तसंच म्हणायचो. माझी ही खोड एका पोस्टकार्डाने मोडली.

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. जटपुरा गेटजवळ अब्बांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं आणि वरच्या माळ्यावर माझा क्लास. क्लास म्हणजे मी, दोन गिटारी आणि तीन विद्यार्थी, त्यातला एक नुसता केस वाढवून यायचा. मी चोवीस वर्षांचा होतो आणि सुराच्या बाबतीत भलताच कडक होतो. विद्यार्थी वाढावेत म्हणून हस्तपत्रकं छापली आणि एसटीच्या गाड्यांत सीटमागे चिकटवली. 'गिटार शिका. वयाची अट नाही.' त्यातलं एक गाडीबरोबर कुरखेड्यापर्यंत गेलं असावं. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. सरकारी रजिस्टर भरावं तसं सुवाच्य अक्षर. 'आपल्या जाहिरातीत वयाची अट नाही असे नमूद आहे. अंतराची आहे काय?'

मी फुशारकीत उत्तर टाकलं, 'नाही.'

पुढच्याच आठवड्यात स्टँडवरच्या पानठेल्यावर माझ्या नावाने एक कॅसेट येऊन पडली. कुरखेड्याच्या गाडीचा कंडक्टर त्यांच्या ओळखीचा होता. तो कॅसेट इकडे आणणार, मी तिच्यावर धडा भरून परत ठेवणार, तो ती तिकडे नेणार. ही सगळी व्यवस्था त्यांनी मला न विचारताच लावून टाकली होती.

ते पाटकरी होते. तलावाचं पाणी पाटाने धानाच्या बांध्यांना पाळीपाळीने सोडायचं, ही त्यांची नोकरी. पहिल्या कॅसेटमधलं त्यांचं पहिलं वाक्य असं होतं, "सर, मले गिटार शिकाची नाई." मग ते थांबले. दुकानात टेपसमोर बसून मी खरोखर मोठ्याने म्हणालो, "मग कशाला त्रास देता?" अब्बांनी चष्म्यावरून पाहिलं. तेवढ्यात कॅसेटमधून पुढचं वाक्य आलं. "मले एक गाणं वाजवाचं हाये. जयंतीले. घरची म्हननार, मी वाजवनार. दुसरं काही नाई."

घरची म्हणजे त्यांची बायको. गावच्या विहारात जयंतीच्या कार्यक्रमाची सुरुवात तिच्या गाण्याने व्हायची. आधी तिची आई तेच गाणं म्हणायची, नंतर ती म्हणू लागली. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाज खाली गेला. त्या वर्षी ती उभी राहिली, पेटीमास्तरने नेहमीची पट्टी धरली आणि दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज फाटला. सगळ्या गावासमोर ती खाली बसली. तेव्हापासून तिने गाणं सोडलं. "चुलीपाशीही नाई म्हनत, सर," ते म्हणाले. "भाकर थापता थापता गुनगुनाची सवय होती, तेही बंद. घर कसं ओसाड लागते."

मास्तरला पेटी खालच्या पट्टीत वाजवता आली नसती का, असं तुमच्याही मनात आलं असेल. आली असती. पण ते मागायचं कोणी? मागायचं म्हणजे माझा आवाज गेला, हे चारचौघांत कबूल करायचं. ती ते करणार नव्हती, आणि तिच्या वतीने पाटकरीही करणार नव्हते. वडश्याच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राची गिटार त्यांना मिळाली होती. त्यांचा हिशेब साधा होता. "पेटी सगळ्यायले मालूम हाये. गिटार आमच्या गावात कोनालेच मालूम नाई. हिची पट्टी खाली-वर होते काय, सर?"

मी बाणेदारपणे उत्तर भरलं. पट्टी एकच असते. मी सहा तारांचे सूर देतोय, टेप लावून त्यांच्याशी तारा जुळवा, आणि त्यात केसभरही फरक करू नका. "बरं," पुढच्या कॅसेटमधून उत्तर आलं. "तुमी मोठे मानूस. सांगता तसं."

तिला न कळू देता शिकायचं होतं, म्हणून ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून शिकत. पाणी सोडायच्या दरवाज्यापाशी एक टपरीवजा खोली होती, तिथे. वीज नव्हती, टेप सेलवर चालायचा. नवे सेल टॉर्चला लागत, कारण पाळीवर सापविंचू फार. टॉर्चमधून उतरलेले सेल टेपला. ते उन्हात तापवून पुन्हा पुन्हा वापरायचे.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मला ती फार उशिरा कळली, तीही अब्बांकडून. सेल उतरले की टेपची मोटर हळू फिरते. त्यावर वाजलेली कॅसेट संथ होते, आवाज जाड होतो आणि सूर खाली येतो. म्हणजे मी दिलेल्या तारांचे सूर त्यांना चांगले पट्टीभर खाली ऐकू येत होते आणि ते इमानदारीत तिथेच तारा लावत होते. आता उलटं पाहा. त्याच मंद टेपवर ते जे रेकॉर्ड करायचे, ते आमच्या दुकानातल्या विजेवरच्या टेपवर वाजवलं की जलद व्हायचं आणि बरोबर वर चढायचं. त्यांची खाली लावलेली गिटार मला अगदी अचूक पट्टीत ऐकू येई. चूक जाताना एक आणि येताना एक, दोन्ही मिळून सगळं ठीक. आठ महिने आम्हा दोघांना पत्ता लागला नाही.

माझी मात्र तक्रार असायची, शिस्तीची. मी सरगमचे पलटे भरून पाठवले. उत्तर आलं, "सर, पलटे मस्त हायेत. ते मी रिटायर झाल्यावर करतो." मी रागावून पुन्हा पाठवले. पुन्हा तीन फुंकरी. "सर, एक गोठ सांगतो. आमी पानी सोडतो ना, तं पह्यले शेवटच्या बांधीले देतो. वरून सुरू केलं का वरचेच पिऊन टाकतात, खालच्याले पोचतच नाई. तुमी मले गानं खालून शिकवा." म्हणजे काय, ते मला दोनदा ऐकल्यावर कळलं. आधी शेवटची ओळ. ती पक्की झाली की तिच्या आधीची. "सुरुवातीपासून शिकलो तं समोर समोर सगळं अनोळखी येते, भेव लागते. शेवटून शिकलो तं जिथी जातो तिथी वळखीचंच भेटते." मला हा गावठीपणा वाटला होता. आज मी नायब तहसीलदारांना याच पद्धतीने शिकवतो, आणि पद्धत माझी म्हणून सांगतो.

एकदा म्हणाले, "कॅसेटचा एक फायदा हाये, सर. एकच गोठ मी तुमाले एका दिवसात तीस खेप बोलाले लावतो, पन तुमी एकदाही चिडत नाई." प्रत्यक्ष माझ्यासमोर बसले असते तर मी तिसऱ्या खेपेलाच चिडलो असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

धान निसवायच्या दिवसांत पाण्यावरून भांडणं असायची. कॅसेटमधे मधूनच कोणीतरी ओरडायचं, "पाटकरीभाऊ, आमच्या बांधीत पानी कवा येते?" मग ते म्हणायचे, "थांबा सर, पानी फिरवून येतो," आणि टेप तसाच चालू ठेवून निघून जायचे. मी बापडा दहा दहा मिनिटं पाटाचं पाणी ऐकत बसायचो. मी विचारलं, टेप बंद का करत नाही? "तुमी बसले असता ना. तुमच्यासमोर कसा बंद करू?"

थंडीत एक कॅसेट आली. फुंकरी झाल्या, प्रश्न झाला, थांबणं झालं, आणि मग ते जरा हळू आवाजात बोलू लागले. बायको डबा घेऊन पाळीवर आली होती. गिटार दिसली. ते वाजवत राहिले. "डबा सोडता सोडता तिनं एक ओळ म्हनली, सर. मी तिच्याकडं पाह्यलंच नाई. पाह्यलं असतं तं थांबली असती." त्यापुढच्या कॅसेटींत त्यांच्या वाजवण्यामागे एक बाईचा आवाज यायला लागला. लांबून, आधी एक ओळ, नंतर एक कडवं. माझ्या टेपवर तो अगदी पेटीच्या पट्टीत ऐकू येत होता. मी खूश होऊन भरून पाठवलं, "भाऊ, बाईंचा आवाज तर उत्तम लागतोय. आता काळजी नाही."

त्यांनी जयंतीला बोलावलं. मी सकाळच्या गाडीने निघालो. कॅसेटवरून माझ्या डोळ्यांसमोर एक सडपातळ, पातळ आवाजाचा, भरभर बोलणारा तिशीतला माणूस होता. स्टँडवर तसं कोणीच नव्हतं. एक रुंद खांद्यांचे, केस पिकलेले गृहस्थ होते आणि ते माझ्या डोक्यावरून गाडीत कोणा म्हाताऱ्याला शोधत होते. गाडी रिकामी झाली, निघूनही गेली. उरलो आम्ही दोघं.

"सर?" आवाज थेट छातीतून आला. "तुमी तं पोट्टे निघाले."

मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. घरापर्यंत ते माझं बोलणं कान देऊन ऐकत होते. शेवटी न राहवून विचारलं, "कॅसेटात तुमाले सर्दी होती काय?"

घरी बाईंनी चहा दिला. त्या थोडंच बोलल्या, खालच्या, जाडसर आवाजात. "हे म्हनतात तुमच्यामुळं जमलं." त्यांनी पांढरी साडी नेसली होती आणि त्यांचे हात थंड असावेत, कारण त्या सारखे ते कपावर धरत होत्या. त्या घाबरलेल्या होत्या हे मला दिसत होतं. पाटकरी बाईंच्या पाठीमागून म्हणाले, "सरनं खालची पट्टी देल्ली, म्हून तुया गळा मोकळा झाला. पेटीवर तू आनखी उभी राह्यली नसती." मी म्हणालो, "खालची नाही भाऊ, पट्टी बरोबर दिली आहे." ते हसले. त्यांना तो माझा विनय वाटला.

कार्यक्रम दुपारी चारला होता. विहारासमोर मांडव, निळ्या पताका, सगळं गाव बसलेलं. ते भोंग्याची वायर पाहायला गेले आणि गिटार माझ्या हाती राहिली. मी सवयीने तार छेडली. ढिली. खिशातली सूर जुळवायची शिट्टी काढून पाहिली, तर सहाच्या सहा तारा पट्टीभर खाली. मला त्यांच्या वतीने शरम वाटली. आठ महिने शिकवलं आणि ऐन दिवशी ही तऱ्हा. मी भराभर खुंट्या पिळल्या, तारा वर चढवल्या. शेजारी पेटीमास्तर बसले होते, त्यांनी आपणहून सूर दिला. तंतोतंत जुळला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहून जाणकारासारखी मान डोलावली. त्या मांडवात त्या क्षणी माझ्याइतका मूर्ख दुसरा कोणी नव्हता.

वंदना झाली. नाव पुकारलं. बाई माईकपाशी उभ्या राहिल्या, ते शेजारी खुर्चीवर. त्यांनी पहिला झंकार दिला आणि त्यांचा हात थबकला. त्यांना कळलं होतं. पण तोवर बाईंनी श्वास घेतला होता. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला.

तीच ओळ, तेच ठिकाण, तीच माणसं समोर. बायकांतून कोणी म्हणालं, "पानी द्या तिले." बाईंनी पदर सारखा केला. खाली बसायच्या आधी बायका पदर सारखा करतात, तसा. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. माझ्या हातून काहीतरी वाईट झालं आहे, एवढंच मला समजत होतं.

"थांब," ते माईकमधून म्हणाले. "तुयं नाई. मायं चुकलं. तारा चढल्या उन्हानं."

आणि त्यांनी त्या भरल्या मांडवात खुंट्या सैल करायला घेतल्या. एकेक तार. शिट्टी नाही, टेप नाही. अंगठ्याने तार छेडायची, मान तिरपी करून ऐकायची, आणखी जरा खाली आणायची. घाई अजिबात नाही. सगळं गाव ते सूर खाली येताना ऐकत होतं, आणि खरं काय असायला हवं हे गावाला ठाऊक नव्हतं, म्हणून कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बाई उभ्याच होत्या. सहावी तार लागली तसं ते त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "म्हन."

बाईंनी म्हटलं. मी कॅसेटवर ऐकला होता तो आवाज हा नव्हताच. हा खोल होता, भरदार होता, आणि सावकाश चालत होता. गाणं मी शिकवलं त्याहून संथ होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. पेटीमास्तरांनी भाता मिटला आणि डोळेही मिटले.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सोडायला आले तेव्हा मी म्हणालो, "भाऊ, तारा उन्हाने नव्हत्या चढल्या. मी चढवल्या."

"मालूम हाये," ते म्हणाले. "एवढ्या बरोबर तारा मले लावता येते काय?"

त्यांना राग आला नव्हता. मला मात्र आला होता, स्वतःचा. चंद्रपूरला येऊन अब्बांना सगळं सांगितलं. अब्बांनी गल्ल्यातून दोन उतरलेले सेल काढले, एका टेपमधे घातले आणि माझ्याच धड्याची कॅसेट लावली. एक म्हातारा, घोगऱ्या आवाजात, केसभरही फरक करू नका असं सांगत होता. अब्बा म्हणाले, "बेटा, आदमी पहले देख लिया कर, फिर सिखा." मग ते आपल्या कामाला लागले.

मी चूक भरून काढायची म्हणून एक सोपं, छान गाणं कॅसेटवर भरलं आणि पाठवलं. महिन्याभराने ती परत आली. तीन फुंकरी. "सर, ऐकू येऊन राह्यलं ना?" थांबले. "गानं बेस हाये. पन मायं झालं शिकून, सर." पुन्हा थांबले, आणि या वेळी बराच वेळ थांबले. मागे पाणी वाहत होतं. मी म्हणालो, "बरं, भाऊ." कॅसेट तिथेच संपली.

त्यानंतर दर वर्षी जयंतीच्या आठवड्यात एक पोस्टकार्ड यायचं. 'कार्यक्रम पार पडला. गाणे झाले.' खाली सही. एवढंच. सहा-सात वर्षं ते आलं. मग एका वर्षी आलं नाही. टपाल इकडेतिकडे झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पत्र टाकून विचारायला हवं होतं. मी टाकलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी माळ्याचा जिना कोणीतरी सावकाश चढत होतं. बाई होत्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने गिटार छातीशी धरलेली. एकट्याच आल्या होत्या. मी "जय भीम, बाई" म्हणालो, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी आधी पाणी पिऊन घेतलं.

"फागुनात गेले," त्या म्हणाल्या. "झोपेतच. औंदा गानं झालं नाई."

बाईंनी गिटार मांडीवर घेतली, पण धरायची कशी ते त्यांना माहीत नव्हतं. ती आडवी पडून राहिली.

"मास्तर म्हनत होते, पेटी खाली घेतो, तुमी या. ते चांगले हायेत. पन मले पेटीवर नाई जमत आता. मलेच वाजवाले शिकवा. तेवढंच एक गानं. दर आठवड्याले येईन, गाडी हाये सकाळची." मग त्यांनी विचारलं, "ह्या वयात येईल काय, सर?"

येईल, म्हणालो. गिटार त्यांच्याकडून घेतली. तारा गंजल्या होत्या, तीन तर बदलाव्याच लागल्या. नव्या तारा चढवून झाल्या आणि हात खिशातल्या शिट्टीकडे गेला. मी तो तसाच रिकामा बाहेर काढला आणि म्हणालो, "बाई, आधी तुम्ही म्हणा."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि पहिली ओळ म्हटली, अगदी हळू. मी जाड तार छेडली, खुंटी थोडी सैल केली. पुन्हा छेडली. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी आणखी खाली आणली.

"आनखी जरासक," त्या म्हणाल्या.

मी आणखी जराशी सैल केली. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवलं.

"बस. इथीच वाजवत ते."